मुरमात मुरलेलं पेट्रोल

गोखिवऱ्यासारख्या औद्योगिक वस्तीतलं कुठलंही गॅरेज घ्या. जमिनीवर काळं ऑइल सांडतं, माती ते पिते. हे दाट ऑइल सहसा फार खोल जात नाही. खरी धास्ती पेट्रोलची. ते मुरमातून झिरपतं, बसाल्टच्या भेगांत शिरतं आणि भूजल लागलं की त्यावर तरंगतं.

त्यातलं बेंझिन मात्र पाण्यात विरघळतं. हे रसायन कर्करोगकारक. पेट्रोलमध्ये ते जास्तीत जास्त १ टक्का असतं, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. हिशेब मांडला, तर लिटरभर पेट्रोल ८ लाख लिटर पाणी नासवू शकतं!

चेन्नईच्या तोंडियारपेठ भागात २०१३ साली बोअरवेलच्या पाण्याला इंधनाचा वास येऊ लागला. जमिनीखालची तेलवाहिनी गळत होती.

अशा वेळी तपास भोकं पाडून होतो. किमान तीन बोअरमधली पाण्याची पातळी मोजली की भूजल कुठे वाहतं ते कळतं. मग त्या दिशेला नमुने. सफाई करताना आधी तरंगतं तेल उपसतात, मातीतली वाफ पंपाने ओढतात. उरलेलं खायला जिवाणू! ‘टेरी’ या संस्थेने तेलखाऊ जिवाणूंचं ‘ऑइलझॅपर’ हे मिश्रण बनवलं असून २०१०च्या मुंबई तेलगळतीनंतर ते वापरलं गेलं.

विहिरीच्या पाण्याला पेट्रोलचा वास आला, तर ते उकळून पिऊ नका. बेंझिनची वाफ घरात पसरते. उपसा थांबवा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवा.