एका बटणामागची पाच कामं



गटाच्या बैठकीत एकीनं विचारलं, "लेक कॉम्प्युटर शिकतीय. वहीत सारखं ‘फसाड’ लिहितीय. लोकांना फसवायचं शिकवतात काय?" आम्ही सगळ्या हसलो. पण प्रश्न चांगला होता, म्हणून आज त्याचंच उत्तर.

फसाड हा मूळचा फ्रेंच शब्द. अर्थ, इमारतीची दर्शनी बाजू. प्रोग्रॅमलाही अशी दर्शनी बाजू असते.

आपल्या जिल्ह्यात गोकुळ दूध संघ १९६३ सालापासून आहे. दूध घालणं आपल्याला नवं नाही. कॉम्प्युटर असलेल्या दूध संस्थेत काय होतं बघा. दूध मोजलं जातं. फॅट आणि एसएनएफ तपासतात. दरपत्रकावरून दर निघतो. रक्कम खात्यावर चढते. पावती छापली जाते. प्रोग्रॅममध्ये या प्रत्येक कामाला वेगळा भाग करता येतो, त्याला ऑब्जेक्ट म्हणतात. प्रोग्रॅम लिहिणारीला दर ठिकाणी ही सगळी साखळी नव्यानं लिहावी लागली, तर एखादी पायरी सुटते. दूध मोजलं, पण खात्यावर चढलंच नाही!

म्हणून या सगळ्यांच्या पुढं एक भाग बसवतात. त्याला ‘दूध नोंदव’ एवढंच सांगायचं. आतल्यांना क्रमानं कामाला लावणं त्याच्याकडं. हाच फसाड. दर ठरवायची रीत बदलली, तर दराचा भाग तेवढा बदलायचा. बटण तेच राहतं. १९९४ साली चौघांनी लिहिलेल्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ या पुस्तकात अशा २३ रीती दिल्या आहेत, त्यांतली ही एक.

दोन पथ्यं मात्र पाळायची. पहिलं, फसाडनं सगळी कामं स्वतःच करायची नाहीत. गटाचा सगळा भार अध्यक्षांवर टाकला, तर त्या आजारी पडल्या की गट अडतो. तसंच इथं.

दुसरं, पुढचं दार सोपं केलं म्हणून आतली दारं बंद करायची नाहीत. हिशेब चुकला तर आतला भाग तपासता आला पाहिजे.

हे आपल्यालाही लागू आहे. नुसती रक्कम बघून पावती कमरेला खोचू नका. लिटर, फॅट, एसएनएफ, दर, सगळं वाचा. ५ लिटर दूध, दर ४० रुपये, तर २०० रुपये झाले पाहिजेत. जुळलं नाही, तर तिथंच विचारा. बटण एक असलं, तरी हिशेब आपला आहे.