विजेची हत्यारे : भाड्याने की विकत?

घरच्या किरकोळ कामासाठी विजेचे ड्रिल भाड्याने आणावे की विकत घ्यावे, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. ते किती दिवस लागेल हे आधी ठाऊक असते, तर साधा भागाकार पुरेसा होता. ते ठाऊक नसते, हीच खरी अडचण होय.

समजा, ड्रिलची किंमत ४,००० रुपये व भाडे दररोज ४०० रुपये आहे. प्रारंभीच खरेदी केली आणि काम एका दिवसात संपले, तर खर्च दसपट पडतो. उलटपक्षी, सदैव भाड्यावर विसंबणाऱ्याच्या नुकसानीस मर्यादाच राहत नाही. यातील मध्यममार्ग असा : नऊ दिवस भाडे द्यावे, दहाव्या दिवशीही गरज पडल्यास खरेदी करावी. तेव्हा एकूण खर्च ७,६०० रुपये होतो. भविष्य जाणणाऱ्यास तो ४,००० पडला असता. म्हणजेच कोणत्याही परिस्थितीत आपला खर्च किमान खर्चाच्या १.९ पटींपलीकडे जात नाही. संगणकशास्त्रात हा ‘स्की-भाड्याचा प्रश्न’ म्हणून परिचित आहे. खरेदीचा दिवस योग्य संभाव्यतेने यदृच्छया निवडल्यास अपेक्षित खर्चाचे हे गुणोत्तर सुमारे १.५८ पर्यंत उतरते.

व्यवहारात मात्र किंमत म्हणजे दुकानातील आकडा नव्हे. ड्रिल पुढे १,५०० रुपयांस विकता येत असेल, तर खरी किंमत २,५०० ठरते व खरेदीचा दिवस सातव्यावर येतो. दुरुस्तीचा खर्च तो दिवस पुन्हा लांबवितो. सारांश, गणित उत्तर देत नाही. पश्चात्तापाची मर्यादा तेवढी आखून देते.