स्थानभ्रष्ट मज्जापेशी : स्थान आणि स्वरूप

मेंदूतील पेशींच्या स्थानाचा प्रश्न प्रथमदर्शनी केवळ शरीरशास्त्राच्या कक्षेतला वाटतो. परंतु वाचन-अक्षमतेच्या मीमांसेमुळे तो भाषाभ्यासकांपुढेही येऊन ठेपला आहे. अमेरिकेत अल्बर्ट गॅलाबर्डा व त्यांच्या सहकाऱ्यांनी वाचन-अक्षम व्यक्तींच्या मेंदूंची मरणोत्तर परीक्षणे १९७९ व १९८५ मध्ये प्रसिद्ध केली. या मेंदूंत, विशेषतः डाव्या गोलार्धातील भाषाव्यवहाराशी निगडित भागात, काही मज्जापेशी आपला नियत थर सोडून अगदी बाहेरच्या थरात शिरलेल्या आढळल्या. या स्थानभ्रष्ट पेशींमुळेच वाचन अडते काय, असा प्रश्न साहजिकच उपस्थित झाला. त्याचा विचार करण्यापूर्वी स्थानभ्रंश म्हणजे नेमके काय, हे उत्परिवर्ती उंदरांच्या अभ्यासावरून समजून घेणे इष्ट होय.

मोठ्या मेंदूच्या बाह्यकात पेशींचे सहा थर असतात. भ्रूणावस्थेत पेशी आतल्या पोकळीलगत जन्मतात आणि तेथून पृष्ठभागाकडे प्रवास करतात. आधी जन्मलेल्या पेशी खालच्या थरांत स्थिरावतात. मागाहून जन्मलेल्या पेशी त्यांना ओलांडून वर जातात. उंदराच्या मेंदूतील हा क्रम १९६१ मध्ये किरणोत्सारी खुणेच्या साहाय्याने दाखविण्यात आला. त्यापूर्वी दहा वर्षे, १९५१ मध्ये, एडिंबरो येथील डग्लस फाल्कनर यांनी झोकांड्या खात चालणाऱ्या उंदरांचे वर्णन केले होते. त्यावरूनच या वाणास ‘रीलर’ हे नाव मिळाले. रीलरच्या बाह्यकात थरांचा क्रम जवळजवळ उलटा असतो. यास कारणीभूत असलेले जनुक १९९५ मध्ये सापडले. त्यापासून बनणारे ‘रीलिन’ हे प्रथिन पृष्ठभागानजीकच्या काजाल-रेट्झियस पेशी स्रवतात. ते नसले की नव्या पेशी जुन्यांना ओलांडू शकत नाहीत.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावयास हवी. रीलरच्या पेशी चुकीच्या थरात असल्या तरी त्यांची जात बदललेली नसते. थॅलॅमसकडून येणारे तंतू वेडीवाकडी वाट काढून आपल्या योग्य पेशींपर्यंत बव्हंशी पोहोचतात. रीलरच्या दृष्टिबाह्यकातील पेशी प्रकाशाला पुष्कळ अंशी सामान्य उंदरातील पेशींप्रमाणेच प्रतिसाद देतात, असेही दिसून आले आहे. त्याच्या झोकांड्यांचे मुख्य कारण लहान मेंदूतील विकृती हे आहे.

मराठीच्या अभ्यासकास यात फारसे नवल वाटू नये. ‘रामाने गोविंदाला हाक मारली’ आणि ‘गोविंदाला रामाने हाक मारली’ या वाक्यांत पदांचा क्रम बदलतो, पण कर्ता व कर्म यांचा संबंध बदलत नाही. कारण तो प्रत्ययाने धारण केलेला असतो. उलट, ‘रामाला गोविंदाने हाक मारली’ असे म्हणताच पदे जागच्या जागी राहूनही अर्थ पालटतो.

या दुसऱ्या प्रकारचे, म्हणजे स्वरूपच पालटण्याचे, उदाहरण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झालेल्या कार्यात मिळते. शुभा टोळे व त्यांच्या सहकाऱ्यांचे, परदेशी संशोधकांच्या सहभागाने झालेले, हे संशोधन २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यांनी असे उंदीर-भ्रूण अभ्यासले की, ज्यांत काही पेशींत ‘एलएचएक्स-२’ हे जनुक होते व काहींत नव्हते. हे जनुक नसलेल्या पेशी बाह्यकाच्या पेशी होतच नाहीत. मध्यरेषेकडील बाजूस त्या ‘हेम’ नावाच्या कडेच्या ऊतकाचे रूप घेतात आणि शेजारच्या निरोगी पेशींना हिप्पोकॅम्पस होण्यास भाग पाडतात. परिणामी एकाच मेंदूत भलत्या जागी जादा हिप्पोकॅम्पस उद्भवतात. जनुकाचा हा अधिकार भ्रूणावस्थेच्या अगदी आरंभीच्या काळापुरताच असतो. तो काळ उलटल्यावर जनुक काढून टाकले तरी असे रूपांतर होत नाही.

तेव्हा ‘स्थानभ्रष्ट’ या एका शब्दाखाली दोन भिन्न घटना येतात : जात कायम राहून जागा चुकणे आणि जातच बदलणे. पहिली घटना नेहमीच निरुपद्रवी असते असे मात्र नव्हे. मानवात ‘डबलकॉर्टिन’ जनुकातील दोषामुळे बाह्यकाखाली पेशींचा दुसरा पट्टा अडकून राहतो व त्यातून अपस्मार उद्भवतो, हे १९९८ पासून ज्ञात आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. वाचन-अक्षमतेशी जोडलेली ‘डीसीडीसी-२’ इत्यादी जनुके भ्रूणावस्थेत तात्पुरती दडपली असता मोठ्या उंदरांतील पेशींचा प्रवास अडतो, असे २००५ व २००६ मधील प्रयोगांत आढळले. त्यामुळे गॅलाबर्डा यांच्या निरीक्षणास पुष्टी मिळाल्यासारखे वाटले. परंतु २०११ मध्ये ‘डीसीडीसी-२’ मुळातूनच नसलेल्या उंदरांच्या बाह्यकाची रचना सर्वसाधारण निघाली; पुढे अशाच अन्य एका जनुकाबाबतही तोच अनुभव आला. अर्थात कारणसाखळीचा महत्त्वाचा दुवा अद्याप सिद्ध व्हावयाचा आहे.

वर्गात अक्षरे जुळविताना अडखळणाऱ्या मुलाच्या मेंदूची घडणच चुकली आहे, असे निदान करण्यापूर्वी ही मर्यादा जाणणे अगत्याचे आहे. पेशी कोठे आहे एवढेच पाहून भागत नाही. ती कोणत्या जातीची आहे व कोणाशी जोडली गेली आहे, हेही पाहावे लागते. वाक्याचा अर्थ केवळ पदक्रमावरून लावू नये, हा व्याकरणाचा धडा येथेही तितकाच उपयोगी आहे.