सूर्याची वाट पाहणारे गाव

आपल्याकडे दिवाळीचे आकाशकंदील लागतात, साधारण त्याच सुमारास पृथ्वीच्या उत्तर टोकाजवळच्या एका गावातून सूर्य जवळजवळ चार महिन्यांसाठी निरोप घेतो. लाँगयिअरब्येन हे त्या गावाचे नाव. नॉर्वे देशाच्या स्वालबार्ड नावाच्या द्वीपसमूहात, ७८ अंश उत्तर अक्षांशावर ते वसले आहे. तेथून उत्तर ध्रुव सुमारे १,३०० किलोमीटर दूर आहे. १९०६ साली जॉन मन्रो लाँगयिअर या अमेरिकन उद्योजकाच्या कंपनीने येथे कोळशाच्या खाणीसाठी वस्ती केली. त्याच्याच नावावरून गावाला हे नाव पडले. आज तेथे सुमारे अडीच हजार माणसे राहतात.

सूर्य इतके दिवस दिसेनासा का होतो? पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. हिवाळ्यात उत्तर ध्रुवाकडील भाग सूर्यापासून दूर कललेला असतो. त्यामुळे पृथ्वी स्वतःभोवती कितीही फिरली, तरी त्या भागाला सूर्य दिसत नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात मावळलेला सूर्य फेब्रुवारीच्या मध्यालाच पुन्हा क्षितिजावर येतो. आरंभी दुपारी थोडा वेळ निळसर संधिप्रकाश असतो. परंतु नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत भर दुपारीही अंधारच असतो. आकाश निरभ्र असले, तर चांदणे आणि अधूनमधून हिरवट लहरींनी झळकणारा ध्रुवीय प्रकाश एवढाच काय तो उजेड.

अशा ठिकाणी माणसे राहतात तरी कशी, असे वाटणे साहजिक आहे. त्याचे उत्तर त्यांच्या तयारीत आहे. उन्हाळ्याच्या सुटीत बरीच कुटुंबे नॉर्वेच्या मुख्य भूमीवर आप्तेष्टांकडे जातात. ऑगस्टमध्ये शाळा उघडते आणि माणसे परततात. त्या वेळी मध्यरात्रीही सूर्य दिसत असतो. पण पुढे दिवस झपाट्याने आखडू लागतात आणि गाव हिवाळ्याच्या उद्योगाला लागते. बर्फावर चालणाऱ्या मोटारगाड्या दुरुस्त केल्या जातात. लोकरी कपडे, जाड पादत्राणे आणि कपाळावर बांधायचे दिवे बाहेर निघतात. मोटारचालकांना अंधारात दुरून दिसावे, म्हणून लहानथोर सारेच अंगावर उजेडात चकाकणारे पट्टे लावतात. पक्ष्यांचे थवे दक्षिणेकडे जातात. आखूड पायांचे रेनडिअर मात्र अंगावर चरबी साठवून तेथेच राहतात.

येथील जमीन बारमाही गोठलेली असते. उन्हाळ्यात फक्त तिचा वरचा थर वितळतो. म्हणून घरे खांबांवर उभारतात आणि पाण्याचे नळ उबदार आवरणात गुंडाळून जमिनीवरून नेतात. कित्येक इमारतींत शिरताना पादत्राणे दाराशी काढून ठेवण्याची रीत आहे. खाणकामगारांच्या पायांबरोबर कोळशाची भुकटी आत येऊ नये, म्हणून ती पडली. काम बदलले, पण रीत टिकली.

१९७५ साली विमानतळ सुरू झाला. त्यापूर्वी शरद ऋतूतील शेवटचे जहाज निघून गेले, की वसंत ऋतूपर्यंत बाहेरच्या जगाशी दळणवळण फारसे उरत नसे. जवळ असलेला शिधा आणि शेजारी असलेली माणसे यांवरच सारी भिस्त असे. आता विमाने येतात. तरी निसर्गाचा धाक कमी झालेला नाही. गावाबाहेर पडणारा माणूस पांढऱ्या अस्वलापासून रक्षण करण्याची साधने बरोबर घेतल्याशिवाय जात नाही. १९ डिसेंबर २०१५ रोजी डोंगरावरून बर्फाचा प्रचंड लोट कोसळला. अकरा घरे जागची सरकली आणि दोघांचा अंत झाला. त्यांत एक लहान मूल होते. बर्फाखाली सापडलेल्यांना बाहेर काढण्यासाठी गावकरी फावडी घेऊन अंधारात धावले. पुढे धोक्याच्या जागेवरील घरे हलविण्यात आली आणि डोंगरावर बर्फ अडविणारी कुंपणे उभारण्यात आली.

गावाचा उदरनिर्वाहही बदलला आहे. कोळशावर चालणारे वीजकेंद्र २०२३ मध्ये बंद झाले आणि गावाजवळची शेवटची खाण २०२५ मध्ये थांबली. आता पर्यटन, अध्यापन आणि संशोधन यांवर पुष्कळांचे पोट चालते. हवामानही पालटत आहे. जगाच्या सरासरीपेक्षा कितीतरी अधिक वेगाने हा प्रदेश तापत आहे. पूर्वी समुद्राच्या ज्या खाड्या गोठत, त्यांतील काही आता मोकळ्याच राहतात आणि ऐन हिवाळ्यात कधी कधी पाऊस पडतो.

याच द्वीपसमूहातील न्यू ओलेसुंद येथे २००८ पासून भारताचे ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र आहे. त्याचा कारभार गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडून चालतो. डिसेंबर २०२३ मध्ये आपले शास्त्रज्ञ हिवाळी मोहिमेसाठी प्रथमच तेथे गेले. उत्तर ध्रुवाकडील दीर्घ रात्रीने व दीर्घ उषेने लोकमान्य टिळकांच्याही बुद्धीला आवाहन केले होते. १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी वेदांतील उषेच्या वर्णनांचा संबंध त्या प्रदेशाशी जोडला. त्यांचे अनुमान विद्वानांनी सामान्यतः स्वीकारले नाही. पण जो प्रदेश त्यांनी ग्रंथांतून अभ्यासला, तेथे आज आपले संशोधक प्रत्यक्ष राहून काम करीत आहेत.

फेब्रुवारीच्या मध्याला सूर्य क्षितिजावर येतो खरा. पण गावाच्या आड डोंगर असल्याने त्याचे किरण मार्चच्या ८ तारखेच्या सुमारास गावात पोचतात. त्या दिवशी सारे गाव एका जुन्या रुग्णालयाच्या पायऱ्यांपाशी जमते. रुग्णालय आता नाही, पायऱ्या आहेत. मुले तोंडे पिवळी रंगवून येतात आणि मोठ्याने सूर्याला हाका मारतात. डोंगराच्या खांद्यावरून पहिला किरण पायरीवर पडतो, तेव्हा एकच आनंदकल्लोळ होतो.

आपल्या अंगणात ऊन रोज येते, म्हणून त्याच्याकडे आपले लक्ष जात नाही. लाँगयिअरब्येनच्या मुलांना मात्र त्याचे मोल कोणी शिकवावे लागत नाही. चार महिने अंधारात, एकमेकांच्या आधाराने काढल्यावर ते त्यांना आपोआप कळलेले असते.