आयात कर आणि पक्षाचा झेंडा



२०२२ च्या मे महिन्यात केंद्राने साखर निर्यातीवर १०० लाख टनांची मर्यादा घातली. तेव्हा गटसभांत आम्ही एक गोष्ट पाहिली. बांधाला बांध लागून असलेले दोन सभासद. ऊस तोच, दर तोच. पण एकाला निर्णय रास्त वाटला, दुसऱ्याला घातकी. साखरेचं गणित दोघांनीही मांडलं नव्हतं. सरकार कोणाचं, एवढंच बघितलं होतं.

हे खूळ काही आपलंच नव्हे. अमेरिकेत १९३० साली आयात कर वाढवणाऱ्या कायद्याचे एक कर्ते सिनेटर रीड स्मूट हे युटाचे, म्हणजे साखरबीटच्या मुलखातले. पक्ष रिपब्लिकन. त्या काळी जादा कर रिपब्लिकनांचा आणि कमी कर डेमोक्रॅटांचा, असा रिवाज होता. पुढे पारडं फिरलं. १९९३ मध्ये कॅनडा व मेक्सिकोबरोबरचा खुल्या व्यापाराचा करार प्रतिनिधीगृहात २३४ विरुद्ध २०० मतांनी मंजूर झाला. अध्यक्ष क्लिंटन डेमोक्रॅट, पण बाजूची १३२ मतं रिपब्लिकनांची, त्यांच्या स्वतःच्या पक्षाची १०२ च! मग २०१८ मध्ये ट्रम्प यांनी पोलादावर २५ टक्के कर लावला, आणि कालपर्यंत खुल्या व्यापाराचे गोडवे गाणारे कितीतरी रिपब्लिकन कराचे पाठीराखे झाले. चीनने उलट त्यांच्या सोयाबीनवर २५ टक्के कर बसवला. भाव पडला, सरकारला मदत वाटावी लागली. तरी सोयाबीनवाल्या आयोवा राज्याने २०२० ला कौल ट्रम्प यांनाच दिला. मतं इतर कारणांनीही पडतात, हे खरं. पण खिशाला कात्री लागूनही झेंडा सुटला नाही.

साखरेचं तिथं निराळं. कोट्यापलीकडच्या परदेशी साखरेवर जबर कर आहे आणि तो दोन्ही पक्षांच्या राजवटीत टिकला. कारण बीटवाले आणि फ्लोरिडा, लुइझियानाचे ऊसवाले दोन्ही पक्षांची दारं ठोठावतात. (भुर्दंड तिथल्या गिऱ्हाइकाला पडतो, तेही सांगायला हवं.)

आपल्याकडे फेब्रुवारी २०१८ मध्ये साखरेवरचा आयात कर ५० वरून १०० टक्के करणारं आणि २०२२ ला निर्यात अडवणारं सरकार एकच. पहिल्या निर्णयाने उत्पादकाचा भाव सांभाळला, दुसऱ्याने गिऱ्हाइकाचा. निर्यात अडली की साखर गोदामात पडते, तारण कर्जाचं व्याज चढतं आणि ते शेवटी उसाच्या बिलातूनच जातं. मग दोन्ही निर्णयांना सरसकट वाहवा किंवा सरसकट शिव्या कशा चालतील?

पुढच्या गटसभेस मागील दोन हंगामांची ऊसबिलं सोबत आणावीत. निर्यातीचा हिशेब आपण त्यावरच मांडू.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते