प्रवाळावर फुटणारी लाट

समुद्राच्या लाटेवर स्वार होण्याचा खेळ म्हटला म्हणजे वाळूचा विस्तीर्ण किनारा, कमरेएवढे पाणी आणि फळीवरून पुनःपुन्हा पडणारी हसरी तरुण मंडळी असे चित्र डोळ्यांपुढे येते. सर्फिंग या नावाने जगभर ओळखला जाणारा हा खेळ शिकण्यास असा किनारा योग्यच होय. वाळूचा तळ उतरता असतो, लाट सावकाश फुटते व पडणाऱ्याला फारशी इजा होत नाही. परंतु या खेळात वर्षानुवर्षे मुरलेल्या माणसाचे मन ज्या लाटेकडे ओढ घेते, ती वाळूवर फुटत नाही. ती उष्ण कटिबंधातील समुद्रात, पाण्याखाली जेमतेम कमरेइतक्या खोलीवर दडलेल्या प्रवाळाच्या भिंतीवर फुटते. अशा लाटांमध्ये ताहिती बेटावरील टेआहुपोओ येथील लाट आज सर्वांत प्रसिद्ध आहे. ती कशी जन्मते, तिच्यावर स्वार होणाऱ्याला काय जाणावे लागते आणि तिचे भवितव्य कशावर अवलंबून आहे, हे समजून घेण्याजोगे आहे.

ताहिती हे दक्षिण पॅसिफिक महासागरातील फ्रेंच पॉलिनेशियाचे सर्वांत मोठे बेट. ज्वालामुखीतून निर्माण झालेल्या या बेटाचे डोंगर समुद्रातून थेट वर उठलेले दिसतात. भोवताली प्रवाळाची तटबंदी आहे आणि तट व किनारा यांच्यामध्ये शांत, उथळ पाण्याचा पट्टा आहे. चार्ल्स डार्विन नोव्हेंबर 1835 मध्ये ताहितीस आला होता. प्रवाळाची बेटे कशी बनतात याविषयीचा त्याचा ग्रंथ 1842 साली प्रसिद्ध झाला. ज्वालामुखीचे बेट हळूहळू खचत जाते आणि त्याच्या कडेला वाढणारे प्रवाळ मात्र प्रकाशाच्या ओढीने वर वर बांधकाम करीत राहते. म्हणून भिंत किनाऱ्यापासून दूर राहते आणि तिची समुद्राकडील बाजू कड्यासारखी तुटलेली असते. हा त्याच्या विचाराचा गाभा होय. टेआहुपोओच्या लाटेचे निम्मे रहस्य या कड्यात आहे.

उरलेले निम्मे रहस्य हजारो किलोमीटर दूर, दक्षिण महासागरात आहे. तेथे 40 ते 60 अक्षांशांच्या दरम्यान जमिनीचा अडथळा नसल्याने वादळे अखंड फिरत असतात. वादळाखालील समुद्र अस्ताव्यस्त खवळलेला असतो. पण त्यातून बाहेर पडणाऱ्या लाटा प्रवासात आपोआप निवडल्या जातात. लांब लाटा जलद धावतात, आखूड लाटा मागे पडतात. एका शिखरापासून दुसऱ्या शिखरापर्यंत 16 सेकंद लागतात अशी लाट घेतली, तर खोल समुद्रात तिची लांबी सुमारे 400 मीटर व वेग ताशी सुमारे 90 किलोमीटर भरतो. मात्र लाटांचा समूह त्याच्या निम्म्या वेगाने पुढे सरकतो. तेव्हा चार हजार किलोमीटरचे अंतर कापण्यास त्याला पावणेचार दिवस लागतात. वॉल्टर मंक या समुद्रशास्त्रज्ञाने 1963 साली पॅसिफिकमध्ये ठिकठिकाणी मोजणी करून दक्षिणेतील वादळांच्या लाटा थेट अलास्कापर्यंत पोहोचतात असे दाखविले होते.

भारतालाही हा अनुभव अपरिचित नाही. केरळच्या किनाऱ्यावर आकाश निरभ्र व वारा मंद असतानाही कधी कधी समुद्र एकाएकी वस्तीत शिरतो. त्याला तेथील लोक कळ्ळक्कडल, म्हणजे चोरपावलांनी येणारा समुद्र, असे म्हणतात. दूर दक्षिणेत हिंदी महासागरात उठलेल्या वादळाचाच तो उशिरा पोहोचलेला निरोप असतो.

आता ही लांब लाट ताहितीजवळ येते. आपल्या लांबीच्या निम्म्याहून पाणी उथळ झाले की लाटेला तळ जाणवू लागतो. म्हणजे 400 मीटर लांबीच्या लाटेचे पाय 200 मीटर खोलीवरच अडखळू लागतात. किनारा क्रमाक्रमाने उथळ होत गेला, तर तळाशी घर्षण होऊन तिचा बराच जोर वाटेतच खर्च होतो. टेआहुपोओ येथे तशी सवड मिळत नाही. खोल समुद्रातून ती जवळजवळ पूर्ण शक्तीनिशी प्रवाळाच्या कड्यावर येऊन आदळते. तिचा खालचा भाग अडतो, वरचा भाग मात्र त्याच वेगाने पुढे झेपावतो आणि पाण्याचे जाड पटल पुढे फेकले जाऊन आत पोकळ बोगदा तयार होतो. शिवाय उभी राहताना लाट समोरचे पाणी ओढून घेते. त्यामुळे प्रवाळावरची पातळी खाली जाते आणि समोरून पाहणाऱ्यास लाट समुद्राच्या पातळीखाली फुटते आहे असा भास होतो.

या भिंतीला एका ठिकाणी खिंड आहे. डोंगरातून येणारे गोडे पाणी व त्यासोबतचा गाळ प्रवाळाला मानवत नाही, म्हणून ओढ्या-नद्यांच्या समोर भिंतीत अशा वाटा राहून जातात. लाट भिंतीच्या एका टोकापासून फुटत फुटत या खोल वाटेकडे येते व तेथे निवते. स्वाराला पळण्याची दिशा त्यामुळेच मिळते. ही वाट नसती तर सारी लाट एकदम कोसळली असती आणि तिच्यावर स्वारी शक्यच झाली नसती.

ताहितीची भरती-ओहोटीही विलक्षण आहे. मुंबईच्या उधाणाच्या भरतीला पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढते आणि कोकणातील कोळी चंद्राच्या तिथीवरून भरतीची वेळ सांगतो. ताहितीच्या आसपास मात्र चंद्राची भरती जवळजवळ जाणवत नाही. उरते ती सूर्याची. परिणामी भरती बहुधा मध्यान्ह व मध्यरात्रीच्या सुमारास, तर ओहोटी सकाळ-संध्याकाळी येते आणि दोहोंतील फरक सुमारे वीतभर किंवा थोडा अधिक असतो. प्रवाळावर मीटरभरच पाणी असताना वीतभराचा हा फरकही पडणाऱ्याच्या पाठीला कळतो.

अशा ठिकाणी अनुभवी लाटस्वार प्रथम पाण्यात उतरत नाही; तो पाहतो. लाटा एकेकट्या येत नाहीत. निरनिराळ्या लांबीच्या लाटा एकमेकींत मिसळल्याने त्यांचे जथे बनतात. काही मोठ्या लाटा लागोपाठ येतात व नंतर पुष्कळ वेळ समुद्र स्वस्थ दिसतो. नवखा माणूस त्या स्वस्थतेला फसतो. जाणकार दोन-तीन जथे जाऊ देतो, त्यांतील अंतर मनाशी मोजतो आणि खोल वाटेनेच, म्हणजे जेथे लाट फुटत नाही तेथून, फळीवर पालथा पडून हातांनी वल्हवत बाहेर जातो. बाहेर समुद्रात खुणेचा खांब नसतो. म्हणून तो किनाऱ्यावरील एखादे झाड व मागील डोंगराची घळ एका रेषेत धरतो. तशीच दुसऱ्या दिशेची जोडी धरली की आपली जागा निश्चित होते. प्रवाह त्याला सतत हलवीत असतो; दर दोन-चार मिनिटांनी ही रेषा तपासावी लागते. दहा हात आत राहिल्यास लाट डोक्यावर फुटते आणि दहा हात बाहेर राहिल्यास ती पायाखालून निघून जाते.

जथ्यातील पहिली लाट तो सहसा घेत नाही. ती घेऊन पडला, तर मागच्या सर्व लाटा त्याच्यावर कोसळतील हे त्याला ठाऊक असते. लाटेच्या शिखराला जो सर्वांत जवळ असेल त्याचा तिच्यावर पहिला हक्क, हा सर्वत्र पाळला जाणारा नियम आहे. येथे तो केवळ शिष्टाचार नसून संरक्षणही आहे, कारण एका लाटेवर दोन स्वार आले तर दोघांनाही प्रवाळाशी गाठ पडण्याची भीती असते. आणखी एक गोष्ट अशी की, एकदा वल्हवण्यास सुरुवात केल्यावर अर्धवट मनाने थांबणे हे सर्वांत घातक. कड्यावरून उडी घेतल्याप्रमाणे लाटेच्या तोंडावर उभे राहावे लागते, फळीची कड पाण्यात रुतवून खिंडीच्या दिशेने वळावे लागते आणि मग वेग कमी करावा की वाढवावा याचा निर्णय एका क्षणात घ्यावा लागतो. फार पुढे गेला तर तो बोगद्याबाहेर राहतो. फार मागे राहिला तर पाण्याचे छत त्याच्यावर कोसळते. बोगद्यात कोंडलेली हवा शेवटी तुषारांसह तोफेसारखी बाहेर फुटते आणि तिच्यामागून स्वार प्रकट होतो.

आणि पडला तर? डोके खाली करून सूर मारणे येथे वर्ज्य आहे. शरीर शक्य तितके सपाट ठेवून उथळ पडावे, दोन्ही हातांनी डोके झाकावे आणि तळाला पाय टेकण्याचा मोह टाळावा, असे जाणकार सांगतात. प्रवाळाच्या फटीत पाय अडकला तर पुढची लाट सुटका होऊ देत नाही. प्रवाळाची जखम दिसते त्याहून खोल असते. त्याचे कण आत राहिले तर ती चिघळते, म्हणून ती ताबडतोब घासून स्वच्छ करावी लागते. ताहितीत अशा जखमेवर लिंबू पिळण्याची जुनी रीत आहे आणि ती सोसणे हे लाटेइतकेच धैर्याचे काम मानले जाते. या लाटेने माणसांचे प्राणही घेतले आहेत. टेआहुपोओ या नावाचा अर्थ साधारणपणे कवट्यांची भिंत असा सांगतात, तो उगाच नव्हे.

लाटेशी असलेले हे नाते ताहितीला नवे नाही. कॅप्टन कुकच्या पहिल्या सफरीत, मे 1769 मध्ये, जोसेफ बँक्स याने ताहितीच्या किनाऱ्यावर जुन्या होडीच्या तुकड्यावर बसून उंच लाटांतून किनाऱ्याकडे झेपावणारे लोक पाहिले व त्याची नोंद केली. हवाई बेटांत या कलेने अधिक विस्तृत रूप घेतले. एकोणिसाव्या शतकात तेथे ती क्षीण झाली आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी पुन्हा वर आली. 1912 साली स्टॉकहोम येथे शंभर मीटर पोहण्याचे ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविणारा हवाईचा ड्यूक कहानामोकू याने ती दूरदूरच्या देशांत पोहोचविली. टेआहुपोओचे नाव जगात गाजले ते 17 ऑगस्ट 2000 रोजी. त्या दिवशी लेअर्ड हॅमिल्टन याने यांत्रिक जलवाहनाने ओढला जाऊन एका अवाढव्य लाटेवर स्वारी केली. हातांनी वल्हवून अशा लाटेचा वेग गाठता येत नाही, म्हणून ओढून नेण्याची युक्ती निघाली होती.

2006 नंतर येथील स्त्रियांची मानाची स्पर्धा बंद झाली होती. ही लाट स्त्रियांना झेपणार नाही, असे त्यामागचे मत होते. 2022 मध्ये ती पुन्हा सुरू झाली आणि मे 2024 मध्ये फ्रेंच पॉलिनेशियाच्याच वाहिने फिएरो हिने ती जिंकली. त्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकमधील सर्फिंगच्या स्पर्धा पॅरिसपासून सुमारे 15,700 किलोमीटर दूर येथेच झाल्या. ताहितीतच वाढलेल्या कौली वास्ट याने पुरुषांचे, तर अमेरिकेच्या कॅरोलिन मार्क्स हिने स्त्रियांचे सुवर्णपदक मिळविले.

परंतु या गौरवाला एक किंमत होती. पंचांसाठी पाण्यात उभारावयाच्या मनोऱ्याचा पाया प्रवाळात घालावा लागणार होता. 2023 साली गावकरी, मच्छीमार व लाटस्वार यांनी त्याला विरोध केला. डिसेंबरमध्ये चाचणीसाठी आणलेल्या तराफ्याखाली प्रवाळ मोडले आणि काम थांबवावे लागले. अखेर आकाराने लहान व वजनाने हलका असा ॲल्युमिनियमचा मनोरा उभा राहिला. विरोध करणाऱ्यांच्या मनात केवळ खेळाचा विचार नव्हता. प्रवाळाच्या आडोशाला त्यांची मासळी असते, आणि प्रवाळाचा तट आहे म्हणून त्यांच्या घरांच्या उंबरठ्याशी समुद्र शांत असतो.

मनोऱ्याचा प्रश्न सुटला. मोठा प्रश्न उरलाच आहे. प्रवाळ हा दगड नव्हे. सूक्ष्म जीवांच्या वसाहतीने शेकडो पिढ्या रचलेले ते घर आहे. पाणी नेहमीपेक्षा अंश-दीड अंशाने तापले व तसेच काही आठवडे राहिले, तर या जीवांना अन्न पुरविणारी शैवाले त्यांना सोडून जातात व प्रवाळ पांढरे पडते. 2019 मध्ये ताहितीशेजारच्या मोओरेआ बेटाभोवती हे मोठ्या प्रमाणावर घडले. मेलेल्या प्रवाळाचा सांगाडा लगेच ढासळत नाही. पण त्याची डागडुजी करणारे कोणी राहत नाही. समुद्राची पातळी वाढत असताना भिंत जर वाढली नाही, तर तिच्यावरचे पाणी खोल होत जाईल, लाट वेगळ्या जागी व वेगळ्या रीतीने फुटेल आणि तिचा अधिकाधिक जोर आतल्या गावापर्यंत पोहोचेल.

म्हणूनच अनुभवी लाटस्वार लाटेची स्तुती करताना प्रवाळाला विसरत नाही. ज्या धारदार भिंतीची त्याला सर्वांत जास्त भीती वाटते, तिच्यामुळेच ती लाट आहे आणि तिच्यामुळेच त्यामागचे गावही आहे. दक्षिणेतील वादळे पुढेही लाटा पाठवीत राहतील. त्या झेलावयास भिंत जिवंत राहते की नाही, हे मात्र माणसाच्या वागण्यावर ठरावयाचे आहे.