सैनिकाच्या घरची सोबत



बेळगावच्या कॅम्पात पहाटे फिरावयास जाणाऱ्या माणसाच्या कानी कवायतीचे हुकूम पडतात. १७६८ साली मुंबई इलाख्यात उभारलेल्या पलटणीपासून आपली परंपरा सांगणाऱ्या मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून बेळगावी आहे. निपाणी, चिकोडी, खानापूर, तसेच पलीकडच्या कागल, गडहिंग्लज, चंदगड या भागांतील कित्येक घरांतून पिढ्यानपिढ्या मुले सैन्यात जात आली आहेत. जवानाच्या शौर्याविषयी आपण पुष्कळ बोलतो व ते योग्यच आहे. आज मात्र मला त्याने मागे ठेवलेल्या घराविषयी चार शब्द बोलावयाचे आहेत.

सैनिकांची कुटुंबे दोन प्रकारे राहतात, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. जवानाची नेमणूक शांततेच्या ठाण्यावर असेल व सरकारी निवासस्थान मिळाले, तर पत्नी व मुले त्याच्याजवळ राहू शकतात. तो सीमेवर गेला की कुटुंबाला सोबत नेता येत नाही. शिवाय निवासस्थानांची संख्या मर्यादित असते, म्हातारे सासूसासरे व शेती यांची जबाबदारी असते. त्यामुळे सैनिकी जीवनाची बरीचशी वर्षे जवानाची पत्नी गावीच काढते.

छावणीतील कुटुंबांना एकमेकींची सोबत मिळते. नव्या बिऱ्हाडाकडे शेजारीण चहा घेऊन येते, शाळेचा व दवाखान्याचा रस्ता दाखविते. पलटणीतील स्त्रियांचे ठरावीक मेळावे होतात, कुटुंब कल्याण केंद्रात शिवणकाम व इतर वर्ग चालतात. या कामाला देशव्यापी रूप देणारी 'आवा' ही सैनिकपत्नींची कल्याण संस्था २३ ऑगस्ट १९६६ रोजी दिल्लीत नोंदविली गेली. या व्यवस्थेतही उणिवा असतील. अधिकाऱ्याची पत्नी व शिपायाची पत्नी यांच्यामधील संकोच एका चहाने जात नाही. तथापि तिचा एक गुण फार मोलाचा आहे. संकट येण्यापूर्वीच बायका एकमेकींना ओळखत असतात. म्हणून वाईट बातमी आली, तर कोणाचे दार ठोठवावयाचे, हे कोणाला शोधावे लागत नाही.

गावच्या सैनिकपत्नीचे तसे नसते. निपाणीजवळच्या एखाद्या खेड्यात शे-दोनशे उंबऱ्यांत सैनिकाची घरे तीन किंवा चार असावयाची. नवरा वर्षातून एकदोनदा सुट्टीवर येणार. एरवी तंबाखूची लावण, म्हशीची धार, मुलांची फी आणि सासऱ्यांचे औषध हे सारे तिच्याच माथ्यावर. पगार सासूच्या हाती द्यावा की सुनेच्या, हा प्रश्न पूर्वी मनीऑर्डरच्या काळी होता व आज बँकेच्या काळीही आहे. दोघींचेही मन दुखावते आणि दोघींचेही थोडेफार खरे असते.

याखेरीज वाट पाहण्याचे दुःख वेगळेच. पहिल्या महायुद्धात, १९१६ च्या एप्रिलमध्ये, मेसोपोटेमियातील कूत येथे वेढ्यात सापडलेल्या फौजेने शरणागती पत्करली, तीत मराठा पलटणींचे जवानही होते. ते तुर्कांच्या कैदेत गेले. त्या काळी खबर कळण्याचा मार्ग म्हणजे टपाल. आज खिशात फोन आहे, परंतु उंच चौकीवर तो चालेलच असे नाही. आठवडाभर फोन आला नाही आणि दूरदर्शनवर चकमकीची बातमी लागली, म्हणजे आजच्या सुनेची अवस्था तिच्या पणजीपेक्षा फारशी वेगळी राहत नाही. अशा रात्री तिला उपदेश नको असतो. 'आमच्याकडेही परवा असेच झाले होते, चौथ्या दिवशी फोन आला,' असे सांगणारी कोणी तरी हवी असते. हे वाक्य ज्या बाईने तो अनुभव घेतला आहे तिच्याच तोंडी शोभते.

काही गावांना ही सोबत आपोआप लाभली आहे. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाचे सेहेचाळीस जवान पहिल्या महायुद्धात कामी आले आणि गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द कायमचा जोडला गेला. आपल्या सीमेलगत शिरोळ तालुक्यात टाकळी हे गाव तर 'सैनिक टाकळी' म्हणूनच प्रसिद्ध आहे. जेथे घरोघरी सैनिक आहे, तेथे अर्ज कसा करावयाचा हे शेजारची आजीही सांगू शकते. आमच्या भागात सैनिकांची घरे विखुरलेली असल्याने ही सोबत जाणीवपूर्वक जमवावी लागेल. पाचसहा गावांतील वीसपंचवीस घरे एकत्र आली, तर ते अवघड नाही. आपल्या स्त्रियांना भिशी ठाऊक आहे, बचत गट ठाऊक आहे, भजनी मंडळ ठाऊक आहे. महिन्याच्या एका ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या घरी जमण्याची सवय त्यांना आहेच. तीच सवय या कामी लावावयाची.

जमून करावयाचे काय? पहिले काम कागदपत्रांचे. ऐकावयास ते रुक्ष वाटेल, परंतु विधवेचे निम्मे हाल कागदाअभावी होतात. पतीचा सैनिक क्रमांक प्रत्येक पत्नीला पाठ असला पाहिजे. लग्नाची व प्रत्येक अपत्याच्या जन्माची नोंद सैन्याच्या दप्तरी 'पार्ट टू ऑर्डर'ने झाली आहे किंवा नाही, हे पती सुट्टीवर असतानाच विचारून घ्यावे. ही नोंद नसेल किंवा तीत नावाचे स्पेलिंग आधार कार्डाहून निराळे असेल, तर पुढे कुटुंब निवृत्तिवेतन अडून राहते. विम्याला व बँकेच्या खात्याला वारस म्हणून कोणाचे नाव लावले आहे, हेही पाहावे. पुष्कळ जवान लग्नापूर्वी आईचे नाव लावतात आणि लग्नानंतर बदल करावयाचे राहून जाते. त्यात कोणाचा कपट नसतो, निव्वळ विसर असतो. पण त्या विसरापायी पुढे सासूसुनांना कोर्टाची पायरी चढावी लागू शकते. ही चौकशी गृहिणीने एकटीने केली, तर ती घरात आगाऊ ठरते. मंडळातील सर्वांनी एकाच महिन्यात ती करावयाची असे ठरले, तर कोणावर ठपका येत नाही.

दुसरी गोष्ट कचेऱ्यांची. सैनिकाचे मूळ दप्तर त्याच्या दलाच्या अभिलेख कार्यालयात असते. मराठा पायदळाचे ते बेळगावी, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला. सेवेत असताना मृत्यू आला, तर तो कोणत्या कारणाने आला यावर निवृत्तिवेतनाचा प्रकार ठरतो, म्हणून त्याविषयीचे कागद जपून ठेवावे लागतात. याशिवाय जिल्ह्याचे सैनिक कल्याण कार्यालय असते. केंद्र सरकारच्या सवलती देशभर सारख्या, परंतु राज्यांच्या सवलती निरनिराळ्या. येथे आमच्या सीमाभागाची अडचण उभी राहते. निपाणीच्या स्त्रीला कोल्हापूर जवळ. बेळगाव त्याच्या जवळपास दुप्पट अंतरावर. माहेर कागलला असेल, तर तिकडच्या नातेवाइकांनी सांगितलेली सवलत महाराष्ट्राची असते. तिचे कागद मात्र बेळगावी जावयाचे आणि तेथील छापील अर्ज बहुधा कानडीत. सीमाप्रश्नावर ज्याचे जे मत असेल ते असो. अर्ज भरण्याच्या कामी मराठी व कानडी शेजारणींनी एकत्र बसण्यात कोणाचीच हानी नाही. ज्या स्त्रीला कानडी वाचता येते तिने तो वाचून दाखवावा. जिला मराठीत पत्र लिहिता येते तिने दुसरीचे लिहून द्यावे. दोघींचे पती एकाच खंदकात उभे असतात, हे त्यांना समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

तिसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. संक्रांतीचे हळदीकुंकू निघाले की जवानाच्या विधवेला आपण बाजूला ठेवतो. गावच्या चौकात तिच्या पतीला सलामी द्यावयाची आणि ओटी भरण्याच्या वेळी तिला दार लावावयाचे, ही विसंगती आपल्याला कशी दिसत नाही? याच सीमेलगतच्या, सैनिक टाकळीच्याच तालुक्यातील हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे या प्रथा बंद केल्या आणि महाराष्ट्र शासनाने त्याच महिन्यात इतर गावांपुढे त्याचा आदर्श ठेवला. आपल्या मंडळात विधवेचे स्थान पहिल्या रांगेत असावे, आणि ते दयेपोटी नव्हे. कचेरीचा उंबरठा, कागदांची पायवाट व एकटीने घर चालविण्याची रीत तिच्याइतकी कोणाला माहीत आहे? १९७१ च्या युद्धानंतर, १९७२ साली, मोहिनी गिरी यांनी दिल्लीत युद्धविधवांची संघटना स्थापन केली, ती अशा स्त्रियांना पायावर उभे करण्यासाठीच. साताऱ्याकडचे कर्नल संतोष महाडिक २०१५ च्या नोव्हेंबरात कुपवाड्यात धारातीर्थी पडल्यावर त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक स्वतः प्रशिक्षण घेऊन २०१७ मध्ये सैन्याधिकारी झाल्या. सर्वांना ते शक्य नाही, आवश्यकही नाही. परंतु विधवा म्हणजे केवळ सांत्वन करण्याची वस्तू नव्हे, एवढे त्यावरून कळावे.

मुलांविषयी शिक्षिका या नात्याने दोन शब्द. पित्याची बदली झाली की मूल वर्षाच्या मध्यावर शाळा बदलते. आज मराठी माध्यम, उद्या हिंदी, परवा कानडी विषय सक्तीचा. वडील सीमेवर गेल्यावर चांगला अभ्यास करणारा मुलगा एकाएकी गप्प होतो किंवा मारामाऱ्या करू लागतो. आपण त्याला खोडकर म्हणून मोकळे होतो. वर्गातील कोणाचे वडील सध्या सीमेवर आहेत, एवढे शिक्षकाला ठाऊक असले तरी अर्धे काम होते. मंडळाने दर जूनमध्ये शाळेत जाऊन हे सांगावे. सैनिकांची दहाबारा मुले रविवारी एकत्र खेळली, तर वडील घरी नसणे ही आपल्या एकट्याच्याच वाट्याला आलेली गोष्ट नाही, हे त्यांना न सांगता समजेल.

आणखी एक बदल ध्यानी घ्यावयास हवा. २०२२ पासून अग्निवीर म्हणून भरती होणारी मुले अविवाहित असतात व त्यांची सेवा प्रथम चार वर्षांचीच असते. त्यांच्या घरी वाट पाहणारी पत्नी नाही, आई आहे. मंडळाचे दार तिच्यासाठीही उघडे असावे.

दरवर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन येतो. १९४९ पासून तो पाळला जातो. त्या दिवशी आपण डब्यात पैसे टाकून छातीला छोटा ध्वज लावतो. तो जरूर लावावा. यंदा त्याच्या जोडीला प्रत्येक गावाने, प्रत्येक शाळेने व देवळाच्या आणि चर्चच्या मंडळींनी आपल्या परिसरातील सैनिकांच्या घरांची यादी करावी, आणि त्या घरांतील स्त्रियांना एका दुपारी चहाला एकत्र बोलवावे. पहिल्या दिवशी संकोचाने कोणी फार बोलणार नाही. निघताना पुढच्या महिन्याची तारीख व घर तेवढे ठरवून घ्यावे.